खोटी साद

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी तळघरात उभा होतो आणि माझ्या टाळूला घोड्याच्या नालेच्या आकाराची एक रबरी पट्टी चिकटलेली होती. गडबडीत फोन उचलला, "बोल आई" म्हणायला गेलो आणि तोंडातून "क्यॉक" बाहेर पडलं. तिकडे विदर्भात, कारंजा गावाजवळच्या आमच्या घरी दिवेलागण झालेली. आई दचकलीच. म्हणाली, "काय करून राह्यला रे? कोंबड्या पाळल्या काय?"

पट्टी काढून, लाळ पुसून मी तिला समजावलं. इथल्या डोंगरात टर्की नावाचा पक्षी असतो, मोरापेक्षा बुटका पण अंगाने भारी. वसंतात त्याची शिकार करतात. नुसतं रान तुडवून तो सापडत नाही. लपून बसायचं, मादीचा आवाज काढायचा आणि नराला आपल्याकडे बोलवायचं. तो आवाज शिकतोय.

"आन् आल्यावर?"

"आल्यावर बंदूक."

ती यावर काही बोलली नाही. सुनेकडे फोन दे, एवढंच म्हणाली.

हा नाद मला आमच्या शेजाऱ्यांनी लावला. पेन्सिल्व्हेनियाच्या मध्यावर, जिथे अ‍ॅपलाशियन डोंगरांच्या रांगा सतरंजीला पडलेल्या चुण्यांसारख्या एकामागे एक पसरल्यात, तिथे ११ वर्षांपूर्वी आम्ही घर घेतलं. शेजारी एकटेच राहतात. लेथवर ४० वर्षं काम करून निवृत्त झालेले. माझी मुलगी त्यांना 'शेजारआजोबा' म्हणते. शब्द तिचाच, पण घरात आता तोच रुळलाय. पहिल्या हिवाळ्यात त्यांनी न सांगता आमच्या दारातला बर्फ काढला. मी डबाभर बेसनाचे लाडू नेऊन दिले. एप्रिलमध्ये तो डबा परत आला, आणि त्यात लाकडाची एक लांबट डबी होती.

डबी म्हणजे बॉक्स कॉल. पातळ भिंतींची, वरून उघडी, आणि वर एका स्क्रूवर डावीकडे-उजवीकडे फिरणारं, शेपटीसारखी मूठ असलेलं झाकण. झाकणाच्या पोटाला खडू घासायचा आणि ते भिंतीच्या कडेवरून हलकेच ओढायचं. लाकडावर लाकूड घासून जो आवाज निघतो तो ऐकून अंगावर काटा येतो, कारण तो लाकडाचा वाटतच नाही. कुणीतरी जिवंत बोलतं. या डबीचं पहिलं पेटंट १८९७ सालचं, आर्कान्सामधल्या गिब्सन नावाच्या माणसाचं. रचना आजही जवळपास तीच. एकच खोट: पावसाचे चार थेंब पडले की ही बया मुकी होते. म्हणून शेजारआजोबा ती पावाच्या रिकाम्या प्लास्टिक पिशवीत ठेवतात.

दुसरं साधन पाहिलं आणि मी हसलोच. ती चक्क पाटी होती. लाकडी वाटीत बसवलेली गोल पाटी आणि तिच्यावर घासायला लाकडाची काडी. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पाटीवर पेन्सिल करकरली की गुरुजी कान पिळायचे. इथे तीच करकर शिकायला लोक पैसे मोजतात, तिच्या स्पर्धा भरतात, कप मिळतात. काडी पाटीवरून उचलायची नाही, छोटीछोटी वर्तुळं काढायची. माझा 'ळ' गिरवलेला हात इथे कामी आला.

तिसरी ती टाळूची पट्टी. नालेच्या आकाराच्या चौकटीत ताणून बसवलेला रबराचा पापुद्रा. जीभ दाबायची आणि छातीतून हवा सोडायची. पहिले १५ दिवस मला नुसत्या ओकाऱ्या आल्या. मग ऑफिसच्या वाटेवर गाडीत सराव सुरू केला. सिग्नलला शेजारच्या गाडीतली बाई काच वर करताना मी पाहिलीय. पण या पट्टीला तोड नाही, कारण हात मोकळे राहतात, आणि टर्कीपुढे हात हलणं म्हणजे संपलं. त्याचं नाक कामाचं नसलं तरी डोळे भयंकर असतात. मान जराशी वळवली की सगळीकडचं दिसतं, रंगांसकट.

आता भाषा. मादीचा रोजचा शब्द म्हणजे 'यल्प': वरून खाली घसरणारा दोन सुरांचा "क्यॉक", चार-पाच वेळा लागोपाठ. 'क्लक' म्हणजे एकच सुटा "टक्", मी इथे आहे एवढंच सांगणारा. चरताना समाधानाने काढतात ती घुरघुर. रागावली किंवा फार उतावीळ झाली की टकटकाटाची फैर. आणि एक "पट्!", धोक्याचा. तो चुकून तोंडातून निघाला तर गाशा गुंडाळावा. मी हे सगळं वहीत तबल्याच्या बोलांसारखं लिहून काढलं, मात्रा पाडून. शेजारआजोबांनी वही उलटसुलट करून पाहिली. त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण म्हणाले, "तुझं डोकं ठिकाणावर आहे. सूर लागला नाही तरी चालतो. ठेका चुकला की संपलं."

हे मला फार पुढे पटलं. एका सकाळी जवळच्याच झुडपामागून इतका बेसूर, फाटका आवाज आला की मला वाटलं कुणी नवशिका आलाय. बाहेर आली ती खरीखुरी मादी. स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाद झाली असती. पण नर तिच्यामागे निमूट चालला होता, कारण ती घाई करत नव्हती. २० वर्षं इंग्रजीत नोकरी करूनही ज्याचा 'व्ही' आणि 'डब्ल्यू' एकच आहे, अशा माझ्यासारख्याला यातून किती धीर आला असेल!

पेन्सिल्व्हेनियातला वसंतातला नियम मला आवडतो: टर्कीच्या मागावर चालत जायचं नाही, साद घालूनच त्याला बोलवायचं. मारायचा तो दाढीवालाच. छातीवर लोंबणाऱ्या केसांसारख्या पिसांच्या झुबक्याला दाढी म्हणतात. हंगाम एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला सुरू होतो, तेव्हा बऱ्याच माद्यांचं मीलन उरकून अंडी घालणं चालू असतं. सुरुवातीचे दिवस दुपारी १२ ला बंदूक रिकामी करावी लागते, म्हणजे अंड्यांवरच्या माद्यांना त्रास कमी. पुढच्या दिवसांत संध्याकाळपर्यंत मुभा. मी रीतसर कोर्स केला, परीक्षा दिली, परवाना काढला. बंदूक मात्र घेतली नाही. साद घालणाराही शिकारीतच धरला जातो, आणि मला तेवढीच शिकार हवी होती.

पहिली पहाट. साडेचारला आम्ही ट्रक रस्त्याकडेला लावून ओकच्या रानात शिरलो. टर्की रात्री झाडावर झोपतात, आणि आदल्या संध्याकाळी हा कुठे चढून बसला ते शेजारआजोबांनी ऐकून ठेवलं होतं. तरी खात्री करायची म्हणून त्यांनी तळहातांची ओंजळ तोंडाशी धरून घुबडाचा आवाज काढला: हू हू हुहू, हू हू हुहूऽऽ. इथल्या पट्टेदार घुबडाचा आठ मात्रांचा घूत्कार. आपल्याला पावशा जसा "पेरते व्हा" म्हणताना ऐकू येतो, तसं इथल्या लोकांना हे घुबड "तुझं जेवण कोण रांधतं" असं विचारताना ऐकू येतं. उत्तर लगेच आलं. समोरच्या उतारावरून, काळोखातून, एखादी लाकडी पेटी जिन्यावरून गडगडत यावी तसं: गॉबलऑबलऑबल! ठेच लागली की तोंडून "आई गं" निघतं, तसं त्याचं होतं. घुबड असो, कावळा असो, मेघगर्जना असो की गाडीचं दार आपटणं, तो ओरडून बसतो आणि आपला पत्ता देतो.

त्याच्यापासून १०० मीटरवर आम्ही बसलो. खांद्यांपेक्षा रुंद झाड बघायचं आणि पाठ टेकायची. आकार लपतो, आणि मागून कुणी छरे झाडले तर पाठ वाचते. मध्ये ओढा नको, कुंपण नको. लाल, पांढरं, निळं अंगावर काही नको, पायमोजासुद्धा नाही, कारण नराच्या डोक्याचे रंग तेच. मग शेजारआजोबांनी पाटीवर तीनच हलके सूर काढले, जेमतेम ऐकू येतील असे, जणू कुणी पांघरुणात कूस बदलतंय. थोड्या वेळाने टोपी मांडीवर फडफडवली: मादी झाडावरून उतरली. मग बोटांनी पाचोळा खरवडला, एक… दोन-तीन, एक… दोन-तीन: मादी चरतेय. आणि मग हात मांडीवर ठेवून ते गप्प बसले.

मला ते गप्प बसणं जमेना. तो समोर ओरडतोय, सारखा ओरडतोय, आणि आपण उत्तर द्यायचं नाही? ते पाणी प्यायला बाटली काढत होते तेवढ्यात मी पट्टीवर एक दणदणीत मालिका वाजवली. त्याने तत्काळ उत्तर दिलं. मी पुन्हा वाजवली. पुन्हा उत्तर. पाऊण तास आमची जुगलबंदी चालली आणि तो ७० पावलांवर येऊन थांबला. बंदुकीचा भरवशाचा पल्ला ४० पावलांचा. तिथे त्याने पिसारा फुलवला, इकडून तिकडे मिरवला, आणि वैतागून निघून गेला.

"तू सारखी हाक मारतोयस म्हटल्यावर तो कशाला येईल?" शेजारआजोबा म्हणाले. "त्याला वाटलं, ही येतेच आहे."

सगळी मेख इथे आहे. टर्कीत नर ओरडतो आणि मादी चालत त्याच्याकडे जाते. आपल्या कांदेपोह्यांच्या बरोबर उलट; इथे मुलगी स्थळ बघायला जाते आणि नवरदेव पिसारा फुलवून जागेवर उभा. शिकारी त्याला म्हणतो, तू ये. हे रीतीला सोडून आहे, म्हणून तो अडतो. मग त्याला हलवायचं कसं? बोलणं थांबवून. दहा-पंधरा मिनिटं काही नाही. ही गेली की काय, दुसऱ्या कुणाबरोबर गेली की काय, ही शंका जे करते ते शंभर हाकांनी होत नाही. किंवा एकाने बंदूक घेऊन पुढे बसायचं आणि दुसऱ्याने ४० पावलं मागे सरकत, तोंड दुसरीकडे करून साद घालायची, म्हणजे मादी दूर चालल्यासारखं वाटतं आणि तो जिथे अडतो तिथेच बंदूक असते. त्याच्याबरोबर आधीच माद्या असतील तर त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही. मग त्या कळपातल्या थोरलीशी भांडायचं. ती जे म्हणेल ते तिच्यावर चढ्या आवाजात फेकायचं. ती तावातावाने ही सवत कोण ते बघायला येते आणि नवरोजी मागून.

त्या हंगामात दोनदा फजिती झाली. एका सकाळी एका मादीशी मी अर्धा तास गुजगोष्टी केल्या. ती जवळ येईना, मी हलेना. शेवटी टेकाडामागून हिरव्या ठिपक्यांच्या कपड्यातला एक माणूस उभा राहिला आणि मोठ्याने "गुड मॉर्निंग" म्हणाला. तो मला मादी समजत होता, मी त्याला. अशा वेळी हात हलवायचा नसतो, खणखणीत बोलायचं असतं. हे कोर्समध्ये घोकून घेतात, कारण हलणारा हात बघून गोळी सुटल्याचे प्रकार झालेत. दुसऱ्यांदा, १२ वाजले म्हणून बंदूक रिकामी करून आम्ही परत निघालो, तर ट्रकपासून २० पावलांवर रस्त्याच्या मधोमध महाराज उभे. शेजारआजोबांनी घड्याळ बघितलं. बारा वाजून चार मिनिटं. टोपी काढून त्याला नमस्कार केला.

मिळाला तो पुढच्या वर्षी, मेच्या तिसऱ्या आठवड्यात. पहाटेपासून रानात काही नाही. शिकारी बहुतेक नऊला घरी जातात आणि तिथेच चुकतात, कारण त्या सुमाराला माद्या नराला सोडून अंडी घालायला जातात. एकीची दहा-बारा अंडी, आणि ती पूर्ण झाली की २८ दिवस बैठक. मग नर एकटा पडतो आणि कुणी तरी बोलावं म्हणून कान टवकारून हिंडतो. साडेदहाला मी दोन "टक्" आणि चार सूर वाजवले. उत्तर नाही. मी घड्याळ लावून २० मिनिटं गप्प बसलो. मानेवर माश्या चावत होत्या. मुंगी की गोचीड काही तरी गुडघ्यावरून वर चढत होतं. आणि मग एक आवाज, जो कानांआधी छातीला लागतो: "फ्स्ट्… धूंऽऽ". नर पिसारा फुलवताना अंगातून जो घुमारा काढतो तो. दूर कुठे तरी कुणाची बुलेट न्यूट्रलवर उभी असावी तसा.

तो डावीकडून, न ओरडता, आला होता. ३० पावलं. ऊन पडलं तशी पिसं तांब्याची, मग हिरवी, मग पितळेची. डोकं टक्कल पडलेलं आणि पांढरंफटक. गालांवर निळी झाक. गळ्याखाली लालबुंद मण्यांची झालर. चोचीवरून लोंबणारी मांसल सोंड. बघता बघता पांढरं विरून सगळं निळसर झालं. तेव्हा मला जहांगीर आठवला. १६१२ साली त्याच्या मुकर्रबखान नावाच्या सरदाराने गोव्याहून, पोर्तुगीजांकडून, बादशहासाठी नवलाईचे प्राणी नेले, त्यात एक टर्की नर होता. जहांगीरने आपल्या आठवणींत त्याचं निगुतीने वर्णन केलंय: माजावर आला की डोकं पोवळ्यासारखं लाल, थोड्या वेळाने कापसासारखं पांढरं, कधी फिरोजी, सरड्यासारखे रंग बदलणारं. दरबारी चित्रकार मन्सूरकडून चित्रही काढून घेतलं. म्हणजे अमेरिकेचा हा पक्षी भारतात दिल्ली-आग्र्याआधी आपल्या कोकणकिनाऱ्याला लागला होता. ४०० वर्षांनी कारंज्याचा एक माणूस त्याच्या गावी जाऊन त्याला बायकोच्या आवाजात हाक मारतो, आणि तो येतो.

माझ्या पुढे बसलेल्या शेजारआजोबांनी बंदुकीचा घोडा दाबला. मला तो आवाज आठवत नाही, नंतरची शांतता आठवते. पंख अजून फडफडत होते तरी त्यांनी घाई केली नाही. जवळ जाऊन गुडघ्यावर बसले, त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि खिशातून परवान्याचा टॅग काढून पायाला बांधला. वजन नऊ किलोच्या वर भरलं. छातीचं मांस त्यांनी पिठात घोळवून तळलं. पाय माझ्याकडे आले, कारण इथे ते कुणी खात नाही, चिवट असतात. मी कुकरच्या सात शिट्ट्या केल्या आणि नागपूरहून आणलेला सावजी मसाला घातला. शेजारआजोबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते ताट पुढे करत होते. बायकोने फक्त भाजीभाकरी खाल्ली, पण घर उघडं ठेवून झोपावं लागेल असं म्हणाली नाही, हेच खूप.

त्या रात्री मला आमच्या शेतावर यायचे ते एक पारधीबाबा आठवले. तूर काढल्यावर, थंडीत, ते खांद्यावर वेताच्या छोट्या पिंजऱ्यात पाळलेला तितर घेऊन यायचे. पिंजरा धुऱ्यावर ठेवायचा, भोवती घोड्याच्या केसांचे फासे मांडायचे, आणि बोरीच्या झुडपाआड बसायचं. पाळलेला तितर "कतीतर कतीतर" असा सुरू झाला की रानातला नर संतापून यायचा: माझ्या हद्दीत हा कोण? आणि अडकायचा. पिंजऱ्यातला बोलेना झाला तर बाबा स्वतः बोलायचे, हाताची दोन बोटं ओठांवर ठेवून; मला सहा-सात वर्षांच्या पोराला फरक कळायचा नाही, आणि तितरालाही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती पारध गुन्हा झाली. त्याआधी १८७१ च्या इंग्रजी कायद्याने इंग्रजांनी कितीतरी जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या होत्या, आणि पारधी लोकांवर तो शिक्का बसला तो अजून पुरता पुसला गेला नाही. तीच विद्या इथे शेजारआजोबांच्या भिंतीवर तीन ट्रॉफ्या लावून टांगलेली आहे. तितर वाचायला हवेत हे मला मान्य आहे. पण ती दोन बोटं कुणी शिकून घेतली का, असं कधी कधी वाटतं.

इथेही टर्की एकदा संपत आलेच होते. जंगलं तोडली, बाजारासाठी वाटेल तसे मारले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बऱ्याच राज्यांतून ते नाहीसे झाले, पेन्सिल्व्हेनियात आमच्या या डोंगररांगांमध्ये थोडे तग धरून राहिले. मग १९३७ चा पिटमन-रॉबर्टसन कायदा आला. बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राज्यांना मिळू लागला. पैसा आला, पण पहिली युक्ती फसली. या राज्यानेही सरकारी फार्मवर यंत्रात अंडी उबवून टर्की वाढवले आणि वर्षानुवर्षं रानात सोडले. ते टिकले नाहीत. त्यांना कोल्ह्याचं भय माहीत नव्हतं, झाडावर कधी चढायचं माहीत नव्हतं. यश आलं ते १९५० नंतर, रानातलेच पक्षी तोफेच्या बाराने उडणाऱ्या जाळ्यांत पकडून दुसऱ्या रानात नेले तेव्हा. आज देशभर लाखोंनी आहेत. आमच्या अंगणातल्या बर्डफीडरखाली हिवाळ्यात येतात आणि माझ्या गाडीच्या दारात स्वतःचं प्रतिबिंब पाहून त्याला टोचा मारतात.

फार्मची पिल्लं का टिकली नाहीत, याचं एक कारण मला विशेष वाटतं. मादी अंड्यावर बसते तेव्हा शेवटच्या दिवसांत ती अंड्यांशी बोलते. अगदी हळू "टक्", घुरघुर. आतली पिल्लं उत्तर देतात. कवच फुटायच्या आधीच ती आईचा आवाज ओळखायला लागलेली असतात, आणि पुढचं सगळं शिकणं त्या आवाजाच्या मागे चालतं. यंत्रातल्या अंड्यांना ती भाषा ऐकू आली नाही.

माझी मुलगी पाच वर्षांची असताना जत्रेत हरवली होती. इथल्या जत्रेत, म्हणजे गाई, ट्रॅक्टर, पाळणे आणि तळलेलं सगळं. मराठी तिला कळतं, बोलते इंग्रजीतच. दोन स्वयंसेवक भोंग्यावरून तिचं नाव पुकारत होते, त्यांच्या उच्चारात ते तिचं वाटतच नव्हतं. मी एका बाकावर चढून, लाज सोडून, आमच्या शेतावर मजुरांना जेवायला हाकारतात तशी हाक मारली: "अगं ए चिमे, कुठंशी गेलीस गंऽऽ!" गर्दीतल्या तंबूच्या कनातीखालून ती सरपटत बाहेर आली.

गेल्या वर्षी शेजारआजोबा म्हणाले, आता शरदातही चल. शरदातली शिकार वेगळी. तेव्हा नरमादी कुणीही चालतं आणि प्रेमाचा मामला नसतो. मादी आणि तिची त्या वर्षीची मोठी झालेली पिल्लं कळपाने हिंडतात. डावपेच असा: कळप दिसला की बंदूक खाली ठेवून आरडाओरडा करत त्यात घुसायचं आणि तो चहूकडे उधळायचा. नुसता एका दिशेला पळाला तर उपयोग नाही, फुटला पाहिजे. मग जिथून फुटला तिथेच झाडाला टेकून बसायचं. अर्ध्या-पाऊण तासाने पिल्लं शीळ घालू लागतात, "की-की-की", तीन पातळ सूर आणि शेवटी आवाज फुटल्यासारखा एक अर्धवट "क्यॉक". हरवलो, कुठे आहात. त्यावर आईची साद घालायची: लांबलचक, वर-वर चढत जाणारी यल्पची माळ, १५-२० सुरांची, या रे या. ती आली की पिल्लं धावत येतात. धावत, हे शेजारआजोबांनी दोनदा सांगितलं. वसंतातल्या नरासारखं अडणं-बिडणं नाही.

वसंतातली लबाडी मला पचते. तो तरणाताठा, जनानखाना बाळगून असलेला, हावेपोटी किंवा एकटेपणापोटी येतो आणि बहुतेक वेळा आपल्याला हरवतो. तितराला त्याचा अहंकार ओढून आणतो. त्या दोन्हींत समोरच्याचाही काही हात असतो. शरदातल्याला काय म्हणावं ते मी शेजारआजोबांना विचारलं नाही. त्यांचे वडील, आजोबा हेच करत आले. नोव्हेंबरातला तो पक्षी त्यांच्या ताटात गोडीने येतो. दुकानातल्या प्लास्टिकमधल्या टर्कीने आईचा आवाज ऐकलेलाच नसतो, हेही खरं. माझ्याकडे वादाला मुद्दा नव्हता.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी, ओकची पानं बुटाला करकरत असताना, कळप सापडला. १२-१३ असतील. शेजारआजोबा त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या वेगाने ओरडत धावले. पक्षी उडाले, झाडांच्या शेंड्यांतून चारी दिशांना गेले. आम्ही बसलो. त्यांचं हल्ली दातांचं काम झालंय, पट्टी तोंडात बसत नाही. थंडीने बोटं आखडलेली, पाटी धरवेना. "आता आई तू हो," ते कुजबुजले.

पट्टी माझ्या टाळूला होतीच. पाऊण तासाने डावीकडे खाली पहिली शीळ आली. की-की-की. मग उजवीकडे एक. मग समोर, अगदी जवळ, बीच नावाच्या झाडाच्या पिवळ्या झुडपाआड. शेजारआजोबांनी बंदूक गुडघ्यावर टेकवली आणि मान हलवून मला खूण केली. मी जीभ वर नेली. छातीत हवा भरली. झुडपाआडचं पिल्लू पुन्हा ओरडलं, या वेळी शेवटचा सूर मध्येच फाटला. शेजारआजोबांनी पुन्हा मान हलवली.

मग वरच्या कड्यावरून ती बोलली. खरी. बेसूर, खरखरीत, न थांबता, वर-वर चढत जाणारी माळ. समोरचं झुडूप हललं, आणि एक, मग दोन, मग पाच-सहा राखाडी माना आमच्या दोन्ही बाजूंनी, पाचोळा उडवत, झाडांआडून चढावर पळत गेल्या. बंदुकीला एकही लागली नाही. ती थोडा वेळ हाका मारत राहिली, मग ते सगळे मिळून कड्यापलीकडे गेले.

शेजारआजोबांनी काडतुसं काढून खिशात टाकली. "काय झालं रे?"

मी पट्टी तोंडातून काढली, उजेडात धरून बघितल्यासारखं केलं.

"उलटी बसली होती," मी म्हणालो.